तिसरा सेन्सर

१

सकाळी दाराजवळच्या खुंटीवर गाडीची किल्ली नव्हती.

छत्री होती, कापडी पिशवी होती, गच्चीच्या कुलपाची किल्ली होती. गाडीची तेवढी नव्हती. मी वाकून खाली पाहिलं, पिशवी उलटी करून झटकली, कालच्या कपड्यांचे खिसे चाचपले. माझ्या वयाच्या माणसाला वस्तू सापडली नाही की घरचे वस्तू शोधत नाहीत, त्या माणसाच्या तोंडाकडे बघतात. म्हणून आम्ही आधी स्वतःचीच झडती घेऊन टाकतो.

मग खुर्चीत बसले आणि आठवलं. काल संध्याकाळी मुलगा आला होता. जाताना बूट घालायला वाकला, तोल जाऊ नये म्हणून एक हात भिंतीला टेकला, खुंटीच्या अगदी खाली. उठला तेव्हा तो हात खिशात होता.

मी त्याला फोन लावला.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"किल्ली घेऊन बसलायस का मीटिंगमध्ये?"

पलीकडे खुर्ची सरकली, दार लागलं. "मी सांगणारच होतो. रविवारी खालचे वकीलकाका गाडी बघायला येतायत. त्यांच्या नातीला हवी आहे. इथेच उभी राहील, तुला खिडकीतून रोज दिसेल."

"मला गाडी बघायची नाही, चालवायची आहे."

"परवा फाटकात काय झालं ते विसरलीस?"

"मी काही विसरत नाही. तुम्हाला त्याचाच त्रास आहे."

तो हसला नाही. लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा बोलायचा तसं भरभर बोलायला लागला, फक्त या वेळी खरं बोलत होता. "ऐक. गाडी मेस्त्रींकडे आहे. त्यांनी रविवारच्या आत बिघाड शोधला, आणि तो गाडीतच निघाला, तर किल्ली परत खुंटीवर. पण आई, ती गाडी मी चालवतो तेव्हा बंद पडत नाही. मेस्त्री चालवतात तेव्हा पडत नाही. तुझ्याच हातात पडते. तीनदा सेन्सर बदलला. आता बदलायचं कोण राहिलं?"

२

परवाचं आधी सांगते.

मी नेहमीसारखी दुपारी निघाले होते. रेल्वेचं फाटक पडलं. माझ्या उजवीकडे ट्रक येऊन थांबला, इतका चिकटून की त्याच्या चाकाचे नट मोजता आले असते. डावीकडे लोखंडी कठडा. पुढे मोटारी, मागे मोटारी. मी क्लच दाबून धरला होता, इंजिन चालू होतं. आणि कुणी मान मुरगळावी तसं ते गप्प झालं. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

आगगाडी गेली, फाटक उघडलं. पुढचे गेले, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी किल्ली फिरवत होते, स्टार्टर घुर्र घुर्र करत होता, इंजिन धरत नव्हतं. दार उघडून बघितलं तर बोटभर उघडलं आणि ट्रकला लागलं. दुसऱ्या बाजूचं कठड्याला. ट्रकलाही पुढे जाता येईना, कारण त्याचा आरसा माझ्या टपावर आला होता. फाटक पुन्हा पडलं. ऊन थेट अंगावर. काचा खाली होत्या, पण त्यातून हवा येत नव्हती, लोकांची तोंडं येत होती. "आजी, घरी कुणी नाही का?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "गार होऊ दे, मग सुरू होईल." इंजिन गार झालं, मी गरम झाले, तरी सुरू होईना.

तेवढ्यात लेकीचा फोन. दुसऱ्या गावात असते ती. "आई, बरी आहेस ना? कुठे अडकलीबिडकली नाहीस ना?" तिला कसं कळतं कोण जाणे. मंडईच्या कोपऱ्यावर बंद पडली तेव्हाही तिचाच फोन आला होता. पोटची पोर, दुसरं काय म्हणणार.

शेवटी ट्रक इंचइंच मागे घेतला, चार जणांनी माझी गाडी ढकलून कडेला लावली, मी उतरले. ट्रकवाला आत बसला, त्याने किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तो माझ्याकडे ज्या दयेने बघत होता ती अजून मला झोंबते.

मी फोन केला होता म्हणून निघालेला मुलगा नेमका तेव्हाच तिथे पोचला होता. त्याने ती दया पाहिली.

आता, मला गाडी कशाला हवी? गावाबाहेर टेकडीवर एक शुश्रूषागृह आहे. तिथे माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत. बस तिथे जात नाही, रिक्षावाले यायला तयार होतात पण परत न्यायला थांबत नाहीत. जाऊबाईंच्या कमरेखालचं अंग गेलंय, जीभ मात्र शाबूत आहे. चाळीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात भांडलो. त्यांचे यजमान गेले, माझे हे गेले, आणि आमच्या घराचं जे काही होतं ते आठवणारी जगात दोनच माणसं उरली. मी एकदा आजारी होते, आठवडाभर गेले नाही, तर त्यांनी जेवण सोडलं. नर्सला म्हणाल्या, "भांडायला कुणी नाही, तोंड उघडू कशाला?"

किल्ली गेली म्हणजे नुसती माझी गाडी गेली नव्हती. मी तिसऱ्या मजल्यावर कोंडले जाणार होते आणि त्या टेकडीवर.

मी नोकरीत असताना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर होते. फोन बंद पडलेली माणसं तावातावाने यायची. काय बिघडलंय ते त्यांना कधीच माहीत नसायचं, म्हणून ते मी विचारतच नसे. मी एवढंच विचारायची, की शेवटचा नीट कधी चालला, आणि त्यानंतर काय बदललं. निम्मे बिघाड तिथेच सापडायचे. कुणी कपाट सरकवलेलं असायचं, कुणी भिंत रंगवलेली.

मी चपला घातल्या. गॅरेजपर्यंत चालत जाणं माझ्या गुडघ्याला मंजूर नव्हतं, पण त्याला मी विचारलं नाही.

३

मेस्त्रींचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि तेलाने काळी झालेली फरशी. माझी गाडी आतल्या कोपऱ्यात, दोन मोठ्या गाड्यांच्या मागे कोंडलेली होती. कॅसेट लावायची सोय आहे म्हणून आम्ही ती घेतली तेव्हा केवढे मिरवलो होतो. हे मला चालवायला शिकवायचे ते शेजारी बसून, एक अक्षर न बोलता. चुकले की फक्त खिडकीबाहेर बघायचे.

"मावशी, मला लाज वाटते तुम्हाला तोंड दाखवायला," मेस्त्री हात पुसत म्हणाले. "पण बिघाड तपासायचं मशीन दर वेळी एकच सांगतं. क्रँकचा सेन्सर."

"मला कळेल असं सांगा."

"इंजिन फिरतंय, फिरतंय, असा निरोप हा सेन्सर कॉम्प्युटरला देत असतो. निरोप थांबला की कॉम्प्युटर समजतो इंजिन थांबलं. मग तो पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करतो. सेन्सर जुना झाला की गरम झाल्यावर निरोप द्यायचं थांबवतो, गार झाला की पुन्हा देतो. म्हणून बदलला. मग वाटलं नवा खराब निघाला, म्हणून दुसरा. मग तिसरा."

"गरमीमुळे होतं म्हणता?"

"दुसरं काय असणार?"

"मेस्त्री, मंडईच्या कोपऱ्यावर बंद पडली तेव्हा मी लगेच उतरले. मागच्या स्कूटरवाल्याशी दोन शब्द बोलले, आत बसले, आणि ती सुरू झाली. बॉनेटला हात लावला असतात तर फोड आला असता. फाटकात ती गार झाली तरी सुरू झाली नाही. तुमच्या गरमीला हे माहीत नव्हतं का?"

ते डोकं खाजवत राहिले. "तुम्हाला नक्की आठवतंय?"

हा प्रश्न त्या आठवड्यात मला सगळ्यांनी विचारला. फरक इतकाच, की मेस्त्रींना उत्तर हवं होतं.

"स्कूटरवाल्याच्या हेल्मेटला उजव्या बाजूला चीर होती," मी म्हटलं. "बघा. उगाच म्हणत नाही मी."

त्यांनी गाडीचं दार उघडलं. खिशातून खडू काढला, सीटखालच्या लोखंडी पट्टीवर एक बारीक रेघ मारली, सीट पार मागे सरकवली आणि गुडघे टेकून मशीनची वायर आत जोडली.

"ती रेघ कसली?"

"तुमच्या जागेची. आम्हाला बसायला नाहीतर तपासायला सीट मागे घ्यावी लागते. काम झालं की पुन्हा रेघेवर. आमच्या उस्तादांची शिस्त होती. आपली गाडी दुसऱ्याने वापरलीय असं गिऱ्हाइकाला वाटता कामा नये." मग सीटखालच्या पत्र्याच्या डब्यावर त्यांनी टिचकी मारली. "या जुन्या मॉडेलचा कॉम्प्युटर इथे बसवलाय. सेन्सरची वायर कार्पेटखालून इथे येते. मीटर लावून तपासलीय, कुठे तुटलेली नाही."

"सेन्सर नवा, वायर धड, कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटर बिघडला असता तर माझ्या हातातही बंद पडली असती. मी शंभर वेळा चालवली." ते खाली बघत म्हणाले, "मुलगा तुमचा सकाळी येऊन गेला. विचारत होता, आई क्लच दाबायला विसरते असं होऊ शकेल का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

मेस्त्री मशीनची वायर गुंडाळत राहिले. गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिले.

४

घरी परत आले तर खालचे वकील माझ्या गाडीच्या रिकाम्या जागेत ओणवे झाले होते.

"वकीलसाहेब, गाडी गॅरेजमध्ये आहे. तिच्या सावलीत काय शोधताय?"

ते दचकून उभे राहिले, कंबर धरून. "तेलाचे डाग, वहिनी. घेण्यापूर्वी बघावं माणसाने."

"तुम्ही ही गाडी गेली दोन वर्षं मागताय. आणि ती बंद पडायला लागली तेव्हापासून तुमचं नशीब उघडलंय."

त्यांनी चष्मा काढला. "संशय घेताय माझ्यावर?"

"घेतेय."

"बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून कुणी एवढं महत्त्व दिलं नव्हतं." ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि मलाही बसायला सांगितलं. "आता कोर्टातल्यासारखं बोलू. माझा हेतू आहे, कबूल. पण वहिनी, मला बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नाही. आणि गाडी बिघडवून मग ती नातीला देईन का? मला नात एकच आहे."

हे पटण्यासारखं होतं.

"तुम्ही दिवसभर या खिडकीत बसता. माझ्या गाडीला कुणी हात लावलेला पाहिलात?"

"मेस्त्रींनी. तुमच्या मुलाने, फेरी मारायला नेली तेव्हा. आणि त्या कव्हरंवाल्याने."

"कुठला कव्हरंवाला?"

"तुमच्या वाढदिवसाला लेक आली होती ना? तुम्ही वर झोपला होतात, तेव्हा तिने आणला होता. सीट उचकटून या फरशीवर ठेवली होती. मी म्हटलं, हा कव्हर घालतोय की गादी भरतोय? बराच वेळ लागला त्याला."

निळी कव्हरं. मला फार आवडली होती. लेक म्हणाली होती, "आई, दादा काहीही म्हणो, तू गाडी सोडू नकोस. नव्या सीटवर ऐटीत जा." सगळ्या घरात ती एकटी माझ्या बाजूची होती.

वकील चष्मा पुसत म्हणाले, "बरं, मला सांगा, गाडी शेवटची नीट कधी चालली?"

माझाच प्रश्न, माझ्यावरच. उत्तर मला माहीत होतं आणि ते मला नको होतं. वाढदिवसाच्या आधी ती गाडी एकदाही बंद पडली नव्हती.

५

पण कापडाच्या कव्हराने इंजिन कसं बंद पडेल? मी मनाला म्हटलं, हा नुसता योगायोग आहे. मनाने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनाच म्हटलं, "किल्ली तुमच्याकडे एक आहे ना? मला टेकडीवर घेऊन चला. माझ्या रस्त्याने, माझ्या वेळेला. बघू पडते का."

ते तयार झाले. त्यांनी सीट मागे घेतली, मी शेजारी बसले. मंडई, फाटक, चढ. फाटक नेमकं पडलेलं होतं. आम्ही थांबलो, मेस्त्रींनी क्लच दाबला. मी श्वास धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे गाडी बंद पडू दे म्हणून मागत होते.

पडली नाही. मांजरासारखी गुरगुरत राहिली. मेस्त्री माझ्याकडे बघायचं टाळत होते. फाटक उघडेपर्यंत मी समोरच्या लाल-पांढऱ्या दांड्याकडे बघत बसले आणि मला पहिल्यांदा वाटलं, की मुलाचं बरोबर असेल. हेल्मेटची चीर मला आठवते, पण पाय काय करतो ते आठवत नसेल. तसं असेल तर मी ज्यात अडकलेय त्याला दारच नाही.

शुश्रूषागृहाच्या फाटकाला आतून कडी नाही, बाहेरूनच आहे. रखवालदाराने उघडलं, आम्ही आत गेल्यावर पुन्हा लावलं. जाऊबाई पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत चाकांच्या खुर्चीवर होत्या, नेहमीसारख्या. मी वर पोचायच्या आत सुरुवात झाली.

"धाकटे, तीन दिवस कुठे उलथली होतीस?"

"किल्ली काढून घेतली मुलाने."

"बरं केलं. नाहीतरी तुझं उतरणं बघून माझाच जीव थकतो." त्यांनी पत्ते काढले. मग थांबल्या. "पण आज भलतीच टुणकन उतरलीस. गुडघा नवीन आणलास की काय?"

"आज मी शेजारच्या सीटवर होते, जाऊबाई. तिकडे पायाला जागा असते."

"तरीच. नाहीतर रोजचा तमाशा असतो. आधी तुझी खुर्ची घर्रकन मागे जाते. मग एक पाय बाहेर. मग काठी. मग दुसरा पाय. मग बऱ्याच वेळाने तू. इथल्या नर्सेस खिडकीत येऊन बघतात. खुर्ची मागे घेतल्याशिवाय तुला उतरता कसं येत नाही गं? एवढं स्टिअरिंगला पोट लावून बसायचं तरी कशाला?"

"माझे पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत म्हणून."

हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि हातातले पत्ते तसेच राहिले.

मंडईत मी उतरले होते. म्हणजे सीट मागे घेतली होती. परत बसले आणि गाडी सुरू झाली. फाटकात मला उतरता येत नव्हतं. सीट पुढेच होती, आणि गाडी मेली ती मेलीच. मग मी उतरले, ट्रकवाला बसला. तो केवढा थोरला माणूस. मुलगा उंच. मेस्त्री उंच. सगळे आधी सीट मागे घेतात. आणि मेस्त्री तर खडूच्या रेघेवर पुन्हा इतकी बरोबर आणून ठेवतात, की आपण ती हलवली होती हे त्यांना स्वतःलाही आठवत नाही.

"धाकटे, खेळ ना," जाऊबाई म्हणाल्या. "का पडलं तुझंही इंजिन बंद?"

मी काठी उचलली होती.

६

"मेस्त्री, सीट रेघेवर घ्या आणि आत बसा."

"मी? मावशी, माझे गुडघे कुठे जातील?"

"कुठेही जाऊ देत."

ते कसेबसे आत शिरले. गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना, हनुवटी हॉर्नवर. वरच्या खिडकीत नर्सेस जमल्या. जाऊबाईंचं हसू मला खालपर्यंत ऐकू येत होतं. इंजिन सुरू झालं.

"आता क्लच पूर्ण दाबा. माझ्यासारखा. माझी पाठ मागे रेटली जाते, टाच उचलली जाते. रेटा पाठ."

त्यांनी रेटली. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा रेटली, सीट करकरली, आणि इंजिन मेलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

मग मेस्त्री हळूच म्हणाले, "माझ्या हातात पडली."

त्यांनी किल्ली फिरवली. घुर्र घुर्र. सीट मागे सारली, किल्ली फिरवली. सुरू.

मग ते उतरले, पाना काढला आणि सीटच उचलून बाहेर घेतली. कार्पेट दुमडलं. सेन्सरची वायर जिथे कॉम्प्युटरच्या डब्यात जात होती तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. चिकटपट्टी उन्हाने मऊ होऊन सरकली होती. आत वायर खरवडून तिला दुसरी एक बारीक वायर जोडलेली. खरवडताना निम्मे धागे कापले गेले होते.

"सीट मागे असली की ही सैल पडते, कापलेले धागे एकमेकांना टेकतात. मीटर म्हणतो सगळं ठीक," मेस्त्री म्हणाले. "सीट पुढे आली की ताणते. त्यात तुम्ही पाठ रेटली की सुटतात. पुन्हा सीट मागे गेल्याशिवाय टेकत नाहीत. मी सेन्सर बदलत बसलो, आणि निरोप वाटेतच हरवत होता." त्यांचे कान लाल झाले होते. "पण हे काम माझं नाही, मावशी. हा जोड गाडीचाही नाही."

ती बारीक वायर सीटच्या गादीखाली गेली होती. त्यांनी निळं कव्हर सोडलं. गादीच्या खाचेत काडेपेटीएवढी एक काळी डबी होती. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हे काय आहे?"

"गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर."

मी ती डबी हातात घेतली. कोमट होती. किती दिवस मी तिच्यावर बसून फिरत होते.

मुलगा, हा पहिला विचार आला. तोच झडप घालायला टपलेला. पण त्याला मी कुठे आहे हे कळत असतं, तर फाटकात मी पत्ता सांगेपर्यंत फोनवर तो "कुठलं फाटक, कुठलं फाटक" असं ओरडला नसता.

माझ्या पिशवीतला फोन वाजला. लेक होती.

"आई, किल्ली दादाकडे आहे ना?" ती काळजीने म्हणाली. "मग तू काकूंकडे टेकडीवर कशी गेलीस?"

मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. मी गाडीकडे बघितलं, डबीकडे बघितलं.

"तू रविवारी ये," मी म्हटलं. "मेस्त्री, हा जोड आत्ता नीट करू नका, डबीही होती तिथेच ठेवा."

७

रविवारी सगळे खाली जमले. वकील नातीला घेऊन आले होते. मुलाने किल्ली खिशातच ठेवली होती. लेक सकाळच्या गाडीने आली होती, आणि आल्यापासून माझ्याकडे बघत नव्हती. वर घरात तिने माझा हात धरून म्हटलं होतं, "दादाला सांगू नकोस ना. तो आयुष्यभर ऐकवेल." मी म्हटलं होतं, "मी सांगणार नाही. पण गाडी सांगेल."

मुलाला मी मेस्त्रींची किल्ली देऊन गाडीत बसवलं, सीट माझ्या रेघेवर ओढून. तो कुरकुरला. मी क्लच दाबायला लावला, पाठ रेटायला लावली. इंजिन मेलं. त्याने किल्ली फिरवली. नाही. पुन्हा फिरवली. नाही. तो तसाच दुमडलेला बसून राहिला, आणि मी त्याचा चेहरा बघत होते. आत बसून बाहेरच्यांची तोंडं बघायला कसं वाटतं, ते त्याला पहिल्यांदा कळत होतं.

मग मी सगळं क्रमाने सांगितलं. मंडई, फाटक, ट्रकवाला. मेस्त्रींची रेघ. वकिलांनी पाहिलेली फरशीवरची सीट. "वाढदिवसाआधी ही गाडी कधी बंद पडली नाही. वाढदिवसाला एकच गोष्ट बदलली." मेस्त्रींनी गादीतून सोडवून दिलेली डबी मी बॉनेटवर ठेवली.

लेकच पुढे आली. "मी बसवली, दादा. तू गाडी काढून घेशील म्हणून. मला वाटलं, ती कुठे आहे ते मला दिसत राहिलं तर ती चालवू शकेल. कव्हरंवाला म्हणाला, सीटखालच्या वायरीतून करंट घेतो, काही होत नाही."

मुलगा गाडीतून कसाबसा बाहेर आला. माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, मी तुझ्याबद्दल मेस्त्रींना भलतंसलतं विचारलं."

"मला माहीत आहे. आता किल्ली दे."

त्याचा हात खिशात गेला, पण बाहेर आला नाही. "बिघाड सापडला, मान्य. पण आई, उद्या दुसरं काही झालं तर? तुझं वय..."

मला तेव्हा कळलं, की सेन्सर हे कधीच कारण नव्हतं. एकाने किल्ली खिशात घातली, दुसरीने डबी गादीखाली. दोघांनाही एकाच गोष्टीची भीती होती. ती भीती चूक होती असंही मला म्हणता येत नव्हतं.

"वय आहेच," मी म्हटलं. "ज्या दिवशी माझं मला कळेल की आता नको, त्या दिवशी मीच वकिलांच्या दारात गाडी लावेन. तू शोध लावायचा नाहीस, मी सांगायचं. आणि काही झालं तर मी फोन करेन. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन दुरुस्त करून दिले, स्वतःचा एक लावता येईल मला."

"नाही लावता आला तर?" तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"तर जाऊबाई आरडाओरडा करतील. मी वेळेवर पोचले नाही तर त्या नर्सेसना काय, रखवालदारालाही सोडत नाहीत."

वकील खाकरले. "मी वाट बघू शकतो," ते म्हणाले. "नात अजून सायकलवर खूश आहे." नातीने त्यांच्याकडे रागाने बघितलं.

मुलाने किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मेस्त्रींनी तिथेच बसून जोड कापला, वायर पुन्हा सांधली, वर जाड नळी चढवली, आणि सीट खाली बसवली. मी आत बसले, सीट पुढे ओढली, क्लच दाबला, पाठ रेटली. इंजिन चालू राहिलं. मी आणखी जोरात रेटली. चालूच राहिलं.

लेक खिडकीशी येऊन उभी होती, डबी मुठीत धरून. "आई, मी येऊ काकूंकडे?"

"बस," मी म्हटलं. "पण मागे. आणि मला रस्ता सांगायचा नाही."